फिलर वगळून

महाराष्ट्राच्या शहरी समाजात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘चाहता’ नावाचा जो वर्ग उदयास आला आहे, त्याची गणना चित्रपटप्रेमी, वाचक किंवा खेळाडू या जुन्या वर्गांपैकी कोणत्याही एकात करता येत नाही. कारण चित्रपट पाहणे, चित्रकथा वाचणे आणि व्हिडिओ गेम खेळणे ही तिन्ही कामे तो करीत असला, तरी त्याचे मुख्य काम मत बाळगणे हे आहे. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या मालिका व चित्रपट; सुपरहिरोपट, म्हणजे अतिमानवी सामर्थ्य लाभलेल्या नायकांचे, बहुधा अमेरिकी, चित्रपट; आणि व्हिडिओ गेम, ही त्याची प्रस्थानत्रयी होय. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि भगवद्गीता या तिहींवर भाष्य केल्याखेरीज वेदान्त्याला जसे आचार्यपद लाभत नसे, तसे या तिहींवर वाद घातल्याखेरीज चाहत्याला मित्रमंडळात मान मिळत नाही.

त्याचे वय वीस ते पस्तीस, व्यवसाय बहुधा सॉफ्टवेअरचा आणि वेश काळा टी-शर्ट हा असतो. दिवाणखान्यातील ज्या शोकेसमध्ये पूर्वी वक्तृत्व स्पर्धेचे चषक असत, तिथे आता त्याने जपानी वीरांच्या आणि वटवाघूळवेशधारी अमेरिकी न्यायरक्षकाच्या मूर्ती मांडलेल्या असून, त्यांना कोणी हात लावू नये असा घरात नियम आहे. धूळ मात्र आईनेच पुसावयाची असते. अशा माणसाला जपानी भाषेत ‘ओताकू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपले घर’ असा असून समोरच्या व्यक्तीला आदराने संबोधण्यासाठी तो वापरला जाई. १९८३ साली अकिओ नाकामोरी या लेखकाने तो अशा छांदिष्टांना चिकटवला. मराठी चाहता ही पदवी अभिमानाने मिरवतो, आणि रविवारी तो घराबाहेरच पडत नसल्यामुळे तिच्या मूळ अर्थालाही बाध येत नाही.

त्याच्या शत्रूंची यादी लांबलचक असली, तरी तिच्या अग्रभागी ‘कार्टून’ हा शब्द आहे. “अरे, ते कार्टून बंद कर आणि पानावर ये,” एवढे वाक्य आईने उच्चारण्याचा अवकाश, की तो हातातील काम सोडून खुलाशाला प्रारंभ करतो. ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १९६३ साली जपानी दूरचित्रवाणीवर आली तेथून निघून, हायाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला २००३ साली ऑस्कर मिळाले तेथपर्यंत तो पोहोचतो, तोवर आमटीवर साय धरलेली असते. आई सर्व ऐकून घेते आणि, “बरं, मग ते जे काय आहे ते बंद कर,” असे म्हणते. परिभाषेचा वाद जिंकूनही जेवायला उठावे लागते, हा त्याच्या आयुष्यातील पहिला तात्त्विक पेच होय.

त्याच्या विद्वत्तेचे खरे स्वरूप मात्र पाठचिकित्सेचे आहे. एखाद्या ग्रंथाच्या उपलब्ध प्रती ताडून पाहून मूळ संहिता कोणती आणि मागाहून घुसडलेला, म्हणजे प्रक्षिप्त, भाग कोणता हे ठरवण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात, १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच पद्धतीने. चाहता तेच काम नाश्त्याच्या वेळात करतो. जपानी अ‍ॅनिमे मालिका पुष्कळदा साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या ‘मांगा’ नामक चित्रकथेवर आधारलेली असते. मालिका चित्रकथेला गाठू लागली, की मूळ लेखकाला पुढे सरकण्यास अवधी मिळावा म्हणून निर्माते स्वतःच काही भाग रचून मध्ये घालतात, आणि या भरताडाला ‘फिलर’ अशी संज्ञा आहे. ‘नारुतो’ या कथेचे दोन मालिकांत मिळून ७२० भाग असून, त्यांपैकी कोणते पाहावेत व कोणते वगळावेत याची क्रमांकवार यादी चाहत्याला मुखोद्गत असते. त्यामुळे एखाद्या नवख्याने ती मालिका पाहण्याची इच्छा त्याच्यापाशी व्यक्त केल्यास त्याला उत्तेजन न मिळता यादी मिळते, आणि पुष्कळ नवखे त्या यादीपाशीच संपतात.

या तुलनेत एक गोष्ट मात्र चाहता सोयीस्करपणे विसरतो. भांडारकरी पंडितांनी गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात घातली. तथापि त्यामुळे कोणा आजीने ती सांगणे थांबवल्याचे ऐकिवात नाही.

सुपरहिरोंच्या प्रांतात मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकी प्रकाशनसंस्थांच्या नायकांवरून दोन संप्रदाय पडले असून, त्यांच्यातील रोटी-व्यवहार चालू असला तरी मतव्यवहार बंद आहे. डीसी संप्रदायाचा आवडता विषय पाठभेद हा होय. ‘जस्टिस लीग’ हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनी काम अर्ध्यावर सोडलेले असल्याने तो दुसऱ्याच्या हातून पुरा झाला होता. चाहत्यांनी ‘खरी प्रत’ बाहेर काढण्याचा इतका धोशा लावला, की २०२१ साली चार तासांची स्नायडर-प्रत प्रसिद्ध करावी लागली. ती पाहून झाल्यावर दोन तासांचा चित्रपट अपुरा होता हे सिद्ध झाले, आणि चार तासांचाही अपुराच आहे असे मानणारा उपपंथ लगोलग स्थापन झाला. मार्व्हलवाले इतिहासवादी असतात. २००८ सालच्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ सालच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’पर्यंतचे बावीस चित्रपट हे त्यांचे सत्ययुग, आणि त्यानंतरचे सर्व कलियुग. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ साली हे चित्रपट म्हणजे ‘सिनेमा’च नव्हे असे मत दिले, तेव्हा खवळलेला चाहता आज कलियुगातील प्रत्येक चित्रपटाविषयी नेमके तेच मत देतो, परंतु पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, तिकीट काढून देतो. चित्रपटगृहात राष्ट्रगीताला सर्वांबरोबर उभा राहणारा हा प्रेक्षक श्रेयनामावलीला मात्र एकटाच बसून राहतो, कारण तिच्या शेवटी पुढील चित्रपटाची चाहूल देणारा छोटा प्रसंग असतो. झाडूवाले आत आले, दिवे लागले, तरी त्याचे आसन ढळत नाही.

सामर्थ्यमीमांसा हा त्याच्या शास्त्राचा सर्वांत दमवणारा विभाग होय. सुपरमॅन आणि ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू यांची गाठ पडल्यास कोण जिंकेल, या प्रश्नावर मित्रांच्या मैत्र्या तुटल्या आहेत. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन प्रारंभी उडतच नसे, फक्त लांब उड्या मारी. उडण्याची विद्या त्याला मागाहून प्राप्त झाली. त्यामुळे कोणत्या सालचा सुपरमॅन प्रमाण मानावा इथपासूनच मतभेद सुरू होतात. हा वाद पोरकट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या तारुण्यात कर्ण श्रेष्ठ की अर्जुन या प्रश्नावर किती चहा संपवला, याचा हिशेब आधी मांडावा.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात चाहता तपस्वी बनतो. २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’सारख्या खेळात खेळणाऱ्याचे पात्र पावलोपावली मरते, मेल्याची सूचना पडद्यावर ठळक अक्षरांत झळकते, आणि तेवढाच रस्ता पुन्हा तुडवावा लागतो. एकाच राक्षसाकडून चाळीस वेळा मरण पत्करणे ही चाहत्याच्या लेखी साधना असून, अशा खेळांना सोपी पातळी असावी असे सुचवणारा मनुष्य पाखंडी ठरतो. मोबाइलवर खेळणाऱ्यांना तर तो खेळाडूच मानत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा देशभरातील पोरे हळहळत असता या कडव्या पंथाने सरकारच्या अभिरुचीचे प्रथमच कौतुक केले. हाच तपस्वी लहानपणी मात्र, दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या स्वस्त गेमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये फुंकर मारून ‘कॉन्ट्रा’ सुरू करी, आणि दोनदा वर, दोनदा खाली, मग डावे-उजवे, डावे-उजवे अशी कळांची गुप्त संथा म्हणून तीनाऐवजी तीस जीव पदरात पाडून घेई.

भाषेच्या बाबतीत तो सोवळा आहे. जपानी अ‍ॅनिमे जपानी ध्वनीतच, खाली इंग्रजी अक्षरे वाचत पाहिले पाहिजे, आणि अन्य भाषेतील ध्वनिमुद्रण, ज्याला ‘डब’ म्हणतात, हा कलेचा वध आहे, असा त्याचा सिद्धान्त आहे. जपानी शिक्षणाची पुण्यात जुनी परंपरा असल्याने तो कधीतरी वर्गातही नाव घालतो आणि पाच पातळ्यांपैकी सर्वांत खालची परीक्षा उत्तीर्ण होतो. तेवढ्या बळावर इंग्रजी भाषांतरकाराच्या चुका काढण्याइतका आत्मविश्वास त्याच्या अंगी येतो.

ही चिकित्सक वृत्ती त्याने जपानहून आणली, असा घरच्यांचा समज असतो. परंतु युगो साको आणि राम मोहन यांच्या सहकार्यातून १९९२ साली तयार झालेला भारत-जपानी अ‍ॅनिमेपट ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा तिचे खरे मूळ दिसून आले. आईवडिलांना आपल्या दैवताचे दर्शन घडवण्याची हीच संधी असे समजून कित्येक चाहते त्यांना सोबत घेऊन गेले. आई डोळे पुसत बाहेर आली. बाबांनी मात्र चित्रे चांगली आहेत एवढे मान्य करून, वाल्मीकींत हा प्रसंग असा नाही, तो प्रसंग गाळलाच आहे, आणि मालिका पाहावी तर जुनी दूरदर्शनवरचीच, असे विवेचन घरी पोहोचेपर्यंत चालू ठेवले. चाहत्याने ते मुकाट्याने ऐकले. कोणता भाग मूळ आणि कोणता भरीचा, ही चर्चा त्या घरात त्याच्या जन्मापूर्वीपासूनच चालू होती.

या चरित्रात एक प्रक्षिप्त भाग आहे, जो चाहता स्वतः कधीही प्रमाण मानणार नाही. अंगात ताप असला, कार्यालयात वरिष्ठांनी झापले असले, किंवा नुसतीच झोप येत नसली, की तो रात्री उशिरा हंगामा वाहिनीवर बालपणी पाहिलेला ‘डोरेमॉन’ लावतो. त्या मालिकेतील भाग कोणत्याही क्रमाने पाहिले तरी चालतात, म्हणून यादी लागत नाही. तिच्यात कोण कोणाला हरवील हा प्रश्न उद्भवत नाही. आणि ती तो हिंदी डबमध्येच पाहतो, कारण तिच्यातला मुलगा नोबिता त्याला अन्य कोणत्याही भाषेत रडलेला चालत नाही. त्या वीस मिनिटांत त्याला एकही मत नसते. पाणी प्यायला उठलेल्या आईने दारातून, “कार्टून बघतोयस का रे?” असे विचारले, तर तो “हो” म्हणतो.