मनातला नंदी

आमच्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे). वर्ध्याला लागून दुसरी सिंदी आहे, मेघ्यांची. तिच्याशी घोळ नको म्हणून आमच्या सिंदीनं रेल्वे कंसात घेतली. बहुतेक मेल-एक्स्प्रेस मात्र त्या कंसाला न जुमानता धडधडत पुढे निघून जातात.

पण वर्षातून एक दिवस गावाला कंसाची गरज पडत नाही. तो तान्हा पोळा. श्रावणी अमावस्येला मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि उद्या जेवायला या म्हणून कानाशी आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. चाकांवरचा लाकडी बैल, म्हणजे नंदी, दोरीनं ओढत पोरं घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. विदर्भात हे सगळीकडेच आहे, पण सिंदीत त्याची हौस भारी. हाताच्या मुठीत मावणाऱ्या नंदीपासून दारात न मावणाऱ्या नंदीपर्यंत सगळी खिल्लारं त्या दिवशी रस्त्यावर असतात. या बैलानं जन्मात कधी वखर ओढलेला नसतो, तरी त्याला ओवाळतात. आळशी माणसाला धीर देणारा असा दुसरा सण मला माहीत नाही.

मागच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीच्या टोकाचा एक सात-आठ वर्षांचा पोरगा माझ्या दारात आला. त्याचा नंदी म्हणजे एक वीट होती. विटेला सुतळी बांधलेली आणि खडूनं दोन डोळे काढलेले. ओढताना ती खरखर वाजत होती आणि मागे तांबडी रेघ उमटत होती. मी दहा रुपये बोजारा दिला आणि भरल्या गळ्यानं म्हणालो, "पुढच्या पोळ्याले तुले मी लाकडाचा नंदी देतो. चाकाचा."

त्या रात्री मला फार सुंदर झोप लागली.

मग दिवाळी आली, कापूस घरात आला, संक्रांत झाली, उन्हाळा झाला. सुताराचं दुकान माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. प्रत्येक वेळी त्यावरून जाताना मला नंदी आठवे आणि आठवला की बरं वाटे. एकाच नंदीचं पुण्य मी जवळजवळ तीनशे वेळा घेतलं असेल. आता आषाढ लागला. परवा तो पोरगा सायकलच्या टायरमागे धावत होता. मला पाहून थांबला आणि विचारलं, "आबाजी, केवढा रायल तो?"

मी हातानं हवेत एक उंची दाखवली. ती कशाची होती ते मलाच माहीत नाही.

घरी आल्यावर बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं तं सगळं मनातच रायते. एकादशीचा फराळही आता मनातच करा."

मी लगेच शास्त्राचा आधार काढला. भागवताच्या पहिल्या स्कंधात राजा परीक्षित कलीला तावडीत सापडूनही जिवे मारत नाही. का, तर या युगात एक मोठी सोय आहे. चांगलं लवकर फळतं आणि वाईट मात्र केलं तरच फळतं. कीर्तनकार याचा आणखी उदार अर्थ सांगतात की कलियुगात मनानं केलेलं पुण्य जमा होतं आणि मनानं केलेलं पाप धरत नाहीत. इतकी सवलत आयकर खातंही देत नाही. तिथे देणगीच्या वजावटीला पावती लागते. मला हा अर्थ तरुणपणापासून आवडतो. कायमचं वास्तव्य करण्यासारखा आहे.

पण अडचण अशी की आपल्याकडे नुसत्या संकल्पालाही किती तपशील लागतो! सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी देश सांगतात, नदीचा काठ सांगतात, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग आपलं गोत्र आणि नाव. टपाल खात्यानंही इतका पत्ता कधी मागितला नाही. एवढं झाल्यावर तळहातावर पळीभर पाणी घालतात आणि म्हणतात, सोडा. कोरडा संकल्प त्यांना चालत नाही. (कोरडेपणाबद्दल आम्ही सिंदीकरांनी फार बोलू नये. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि 2017 साली आमच्याकडे ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं.) माझ्या नंदीला ना तिथी होती, ना पाणी सोडलेलं होतं.

अशा चांगल्या मनाची फार मोठी परीक्षा आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसानं घेतली. विनोबा भावे 1951 साली पवनारहून पायी निघून तेलंगणात गेले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी उभे राहून शंभर एकर देतो म्हणाले. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षं देशभर चालत राहिले आणि 1964 साली पवनारला परत आले. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन भूदानाच्या दानपत्रांवर उतरली. पण त्यातली बरीच वाटपापर्यंत पोचलीच नाही. कुठे खडक होता, कुठे कोर्टात दावा होता, आणि कित्येक दानपत्रांवर जमीन नेमकी कोणती, तिचा नंबर काय, हेच लिहिलेलं नव्हतं.

हे वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही. संध्याकाळच्या सभेत तो म्हातारा समोर बसलेला असताना ज्याचा हात वर गेला, त्याचं मन त्या क्षणी खोटं नसणार. सकाळी मुलानं विचारलं असेल, बाबा, कोणतं वावर दिलं? आणि बाबांनी माझ्यासारखीच हवेत उंची दाखवली असेल.

याच्या अगदी उलट गोष्ट तमिळ मुलखातल्या पूसलार नायनाराची. शिवाचं देऊळ बांधायचं त्याच्या मनात होतं, पण जवळ पैसा नव्हता. म्हणून त्यानं ते मनातच बांधलं. तिकडे कांचीत पल्लव राजानं खरं दगडी देऊळ उभारलं. प्रतिष्ठेच्या आदल्या रात्री शिव राजाच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, उद्या मला पूसलाराच्या देवळात जायचं आहे, तू तुझा मुहूर्त पुढे ढकल. राजा ते देऊळ शोधत पूसलाराच्या गावी गेला, तर गावात देऊळच नाही.

ही गोष्ट मी बायकोला मोठ्या विजयानं सांगितली. तिनं विचारलं, "त्यानं मनात कसं बांधलं?" आणि तिथेच मी फसलो. कारण पूसलारानं मनातल्या मनात आधी द्रव्य जमवलं, सामान जमवलं, कारागीर लावले, शुभ दिवस पाहून पाया घातला, रात्री झोपसुद्धा न घेता थरावर थर चढवले, शिखर केलं, विहीर खणली, कुंपणाची भिंत घातली. मनातही त्यानं एक थर गाळला नाही. माझ्या मनातल्या नंदीला तर चाकंही नव्हती. शिंगं होती की नाही, आठवत नाही. देव मनातल्या देवळात राहायला जातो हे मला मान्य आहे, पण त्याला तिथे छप्पर तरी सापडायला हवं.

मी चपला घातल्या आणि सुताराकडे गेलो.

तो रंधा मारत होता. भिंतीशी आठ-दहा नंदी बिनशिंगांचे उभे होते. मी म्हणालो, एक नंदी पाहिजे. त्यानं मान वर न करता विचारलं, "किती इंचाचा? सागवान का आडजात? चाकं लाकडाची का लोखंडाची?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना.

"भाऊ," तो म्हणाला, "मागच्या पोळ्यापासून तुमी दुकानासमोरून जाता अन् माह्याकडे पाहून हासता. म्या म्हनलं, मानूस चांगला हाय."

मी परत गल्लीत गेलो. पोरगा विटेवर बसून आंब्याची कोय चोखत होता. त्याला उभं केलं आणि सुतळीनं त्याच्या मांडीपर्यंतची उंची मोजली. अठरा इंच भरली. तेवढ्यात त्यानं सांगून टाकलं की नंदीच्या गळ्यात घुंगरू पाहिजे आणि डोळे खडूचे नको.

सुताराला दोनशे रुपये इसार दिला आहे. अठरा इंच, सागवान, चाकं लाकडाची. घुंगरू अजून आणायचे आहेत.