भाऊंना कसलंच व्यसन नाही

आमच्या अमरावतीत दारू पिणारा ओळखायला अंधार पडावा लागतो. खर्रा खाणारा सकाळी सातलाच ओळखू येतो, हातात दुधाची पिशवी घेऊन घराकडे वळत असतो तेव्हाच. हनुवटी आभाळाकडे, खालचा ओठ किंचित पुढे, आणि ‘काय भाऊ, कुठं निघाले?’ विचारलं तर उत्तर नाकातून येतं. ‘अकोल्याला चाललो’ या वाक्यातून तोंड उघडावं लागेल ती सगळी अक्षरं गळून पडतात, उरतो तो नुसता सूर. वहिनींना मात्र त्या सुरातून गाडीची वेळसुद्धा कळते.

भाऊ म्हणजे माझे एकट्याचे भाऊ नव्हेत. असे भाऊ राजापेठेत आहेत, बडनेऱ्याच्या फलाटावर आहेत, मूर्तिजापूरच्या एसटी स्टँडवर आहेत, अकोल्याच्या टॉवर चौकात तर एका टपरीला चार-चार आहेत. कुणी मास्तर, कुणी तहसीलचा बाबू, कुणी कपाशीवाला. सगळ्यांचं पहिलं वाक्य मात्र एकच: ‘मले कायचं व्यसन नाही बाप्पा. दारूले आपण हात लावत नाही.’

हे खरं आहे. दारूच्या बाबतीत भाऊ कट्टर. गल्लीतला कुणी पिऊन आला तर त्याला ओट्यावर बसवून गाडगेबाबांची गोष्ट सांगतात. शेंडगावच्या झिंगराजींना दारूनं कसं खाल्लं, पोरगं लहानपणीच बापाविना मामाकडं कसं गेलं आणि त्याच पोराचे पुढं गाडगेबाबा कसे झाले. सांगताना त्यांचे डोळे खरोखर भरून येतात. डावा गालही भरलेलाच असतो. ऐकणारा झिंगलेला असूनही एकदा म्हणाला, ‘भाऊ, तोंडातलं थुकून सांगा ना, समजून नाही राह्यलं.’

खर्रा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला सांगावं लागेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. तिन्ही गोष्टी एका पारदर्शक पन्नीत गुंडाळायच्या आणि लाकडी फळीवर तळहातानं घोटायच्या, सुपारी मऊ होऊन पन्नी गरम लागेपर्यंत. तंबाखूला नंबर असतात. ‘एकशेवीस टाक, चुना कमी’ हे भाऊ ज्या गांभीर्यानं सांगतात तितक्या गांभीर्यानं त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिकाही वाचून पाहिली नव्हती. मशीनवर घोटलेला त्यांना चालत नाही. ‘हाताची गोष्ट येगळी राजा,’ म्हणतात आणि घोटून होईपर्यंत टपरीच्या बाकड्यावर बसून राहतात. वहिनींनी सांगितलेली कोथिंबीर त्या वेळेत वाळते.

घोटलेला खर्रा एकट्यानं खायचा नसतो, ही यातली खरी गोम. भाऊंनी आयुष्यात कुणाकडून दहा रुपये उसने घेतले नाहीत, पण मूर्तिजापूरला गाडीत शेजारी बसलेल्या संपूर्ण अनोळखी माणसापुढे तळहात पसरून ‘जराशीक द्या ना’ म्हणताना त्यांना तिळमात्र संकोच वाटत नाही. तो माणूसही पन्नी उलगडतो, चिमूटभर काढून देतो, आणि बोरगाव मंजू येईपर्यंत दोघांच्या पाहुणपणाचं नातं निघालेलं असतं. मयतीला घाटावर बसायचं असो की दवाखान्यात रात्र काढायची असो, पन्नी फिरते तेव्हाच माणसं बोलायला लागतात. दवाखान्यात रक्त द्यायला, रात्री अडीचला रिक्षा आणायला पहिले धावतात ते भाऊच. त्यामुळे ‘सोडा हे’ असं त्यांना सांगणं म्हणजे नुसती तंबाखू सोड म्हणणं नव्हे, अर्धी ओळखपाळख सोड म्हणणं आहे. उपदेश करणाऱ्यांना हे ध्यानात येत नाही. मलाही भाऊंवर ओरडून झाल्यावरच ते आठवतं.

ओरडण्याची वेळ बहुधा रस्त्यावर येते. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि गिनीज बुकात गेला. भाऊंना त्याचा प्रचंड अभिमान. पाहुणा आला की गाडीत घालून मुद्दाम तो रस्ता दाखवायला नेतात, ‘पाहा, इथून सुरू होते आपलं रेकॉर्ड’ असं खुणेनं सांगतात, काच खाली करतात आणि रेकॉर्डवर थुंकतात. दुचाकीवर असले तर वेग कमी होतो, मान डावीकडे झुकते. मागचे गाडीवाले ही खूण कुठल्याही इंडिकेटरपेक्षा लवकर ओळखून लांब होतात. त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्याला देवांच्या टाइल्स लावल्या आहेत. गजानन महाराजांच्या कोपऱ्यात भाऊ नमस्कार करतात आणि दोन पायऱ्या वर, जिथं टाइल नाही तिथं, मोकळे होतात.

सरकारनं २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आणली तेव्हा भाऊंनी टाळ्या वाजवल्या होत्या. ‘गुटखा लय वाईट, त्यात काय काय टाकतात कोणाले माहीत. आपला कसा, डोयासमोर घोटते.’ या डोळ्यासमोरच्या मालाची एक गंमत आहे. कंपनीच्या तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यावी लागते. सडलेल्या तोंडाचा फोटो, आणि २०१८ पासून सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा फुकटचा फोन नंबरही. खर्ऱ्याची पन्नी कोरी. तो फोटो टपरीवाल्याच्या खोक्यात राहतो, गिऱ्हाइकाच्या खिशात नुसती पन्नी जाते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू खातात असं निघालं, म्हणजे चौघांत जवळजवळ एक. हे मी भाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘आपल्या टपरीवर तर चाराचे चार हायेत. पाहणीवाले आलेच नाहीत इकडे.’

गुरुकुंज मोझरीला मात्र भाऊ दरवर्षी जातात. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथं संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखभर माणूस जागच्या जागी गप्प. भाऊंना गप्प राहायचा सराव भरपूर, असं मी चिडवत असे. पण त्या दिवशी ते दुपारपासूनच तोंड धुऊन असतात आणि परत घरी येईपर्यंत पन्नीला हात लावत नाहीत. म्हणजे जमतं. हे मी बोलून दाखवलं की ते म्हणतात, ‘थे येगळं.’

भाऊंच्या तोंडानं पहिली तक्रार केली ती तिखटाची. ज्या माणसानं जन्मभर ठेचा भाकरीवर थापून खाल्ला तो गिला वडा तर्रीशिवाय मागू लागला. ‘आजकालच्या मिरचीतच औषधं मारतात,’ हे भाऊंचं निदान. मग गुपचुप, म्हणजे तुमची पाणीपुरी, तोंडात मावेना. पंगतीत गुलाबजाम बोटानं अर्धा करताना मी पाहिलं, तेव्हा म्हणाले, ‘शुगरचं पाहा लागते ना बाबू.’ दोष सुपारीचा होता. सुपारीतल्या अर्कानं गालाच्या आतल्या नाजूक कातडीखाली चिवट तंतू साठत जातात, गाल आतून कडक होतो आणि जबडा दरवर्षी थोडा थोडा मिटत येतो. चुन्यामुळे तंबाखूचा अंमल लवकर भिनतो, तो भाग वेगळाच. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच सांगून ठेवलंय. भाऊंच्या मते मात्र सुपारी म्हणजे पूजेतली वस्तू.

शेवटी वहिनींनी त्यांना दाढ दाखवायच्या नावाखाली दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, ‘काका, तुमचीच तीन बोटं उभी तोंडात घाला.’ धडधाकट माणसाची तीन जातात. भाऊंची दोन गेली, तिसरं बाहेर. भाऊंनी बोटांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘शेतीतले बोटं हायेत म्याडम, जाड हायेत.’ बाईंनी स्वतःची तीन घालून पाहिली. तीही गेली नाहीत. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, सुपारी आजपासून बंद, गेलेलं पूर्ण परत येत नाही, पण आहे ते राखता येईल, आणि दर काही महिन्यांनी गाल दाखवायला या, यातूनच पुढं कॅन्सर होतो. घरी करायला व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची.

भाऊ काड्या घेऊन थेट टपरीवर गेले. खर्रा खायला नव्हे, दाखवायला. तिथं बाकड्यावर बसून चौदा काड्या दातांत धरल्या, आणि मग कुणालाच राहवेना. तहसीलच्या बाबूच्या सोळा झाल्या. पोराएवढा एक रिक्षावाला, त्याच्या तेराच. कॉलेजच्या दोन पोरांनी हसत हसत सुरुवात केली, दुसरा पंधरावर अडला आणि हसणं थांबलं. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून टपरीवाल्यानं हात पुसले आणि काड्या घेतल्या. नऊ. दहावी काही केल्या शिरेना. ‘काड्याच ओल्या झाल्या बे,’ तो म्हणाला, पण पन्नी घोटायला लगेच बसला नाही.

दुसऱ्या दिवशी टपरी अकरा वाजता बंद झाली आणि चारपर्यंत उघडली नाही. त्या म्याडमचा दवाखाना कुठं आहे, हे तो आदल्या रात्री भाऊंच्या घरी येऊन विचारून गेला होता. भर दुपारी कुलूप पाहून गिऱ्हाइकं जी चिडली ती टपरीवाल्यावर नाही, भाऊंवर. ‘याच माणसानं काड्या आणल्या होत्या,’ असं अजून बोट दाखवून सांगतात. भाऊ त्यांना उत्तर देत नाहीत. तोंडात काड्या असतात. सध्या सतरा. आणि उरलेल्या वेळात काय असतं, ते वहिनी रोज रात्री सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहतात.