वीणा जरा धरता का?

बीड जिल्ह्यात पाण्याची टंचाई आहे, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या मूत्राशयाला तेवढं कुणी कळवलेलं नाही. दिवसभर टँकरची वाट बघायची आणि रात्रभर अंगणाची वाट तुडवायची, अशी साठीनंतरची तऱ्हा.

गावात सप्ताह बसला की हे दुखणं चारचौघांत येतं. सात दिवस वीणा अखंड उभी असते. ती भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. पहाऱ्याची यादी करताना पोरं रात्री दोन ते चारच्या रकान्यात आम्हा म्हाताऱ्यांची नावं बिनदिक्कत टाकतात. "आबा, तुम्ही तसंबी उठताच की!"

उठतो, पण उभं राहायला नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? यंदा गळ्यात वीणा, मांडवात टाळकरी घोरत पडलेले, आणि ओटीपोटात निकड. वीणा ठेवता येईना, घेऊन जाता येईना. शेवटी जवळच्या एका पाहुण्या बुवांना हलवलं. "माउली, वीणा जरा धरता का?" ते ताडकन उठले आणि धोतर सावरत म्हणाले, "आधी मला जाऊन येऊ द्या!" गेलेसुद्धा.

पारावर यावर सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो ओवा खा, दुसरा म्हणतो दिवेलागणीनंतर पाण्याला शिवू नका, आणि "वय झालं" यावर सगळ्यांचं एकमत. मी अंबाजोगाई गाठली. तिथं स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे लातूर-संभाजीनगरच्या चकरा वाचतात.

डॉक्टरांनी औषधाऐवजी गृहपाठ दिला. किती पिता, केव्हा जाता, दर वेळी किती होते, तीन दिवस लिहून आणा. मापासाठी मी पाण्याची बाटली कापून तिच्यावर रेघा मारल्या. सौभाग्यवतींनी त्याच क्षणी तिला स्वयंपाकघरातून तडीपार केलं.

त्या वहीतून बरंच उलगडतं. चांगल्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिली सहज मावतं. दर वेळी थोडीथोडी होत असेल तर पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट, किंवा कुणाचंही चिडकं मूत्राशय, यांच्यावर संशय. दर वेळी भरपूर होत असेल तर मूत्रपिंडच रात्रपाळी करतंय. मग साखर तपासा, हृदय तपासा. घोरताना श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

माझ्या वहीत चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा रात्रीचा निघाला. कारण पायांत होतं. दिवसभर खुर्चीवर पाय लोंबते ठेवले की घोट्यांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि मूत्रपिंड ते गाळत बसतं. म्हणून आता संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडतो. गल्ली म्हणते, मास्तर दिवेलागणीला लोळतात. म्हणू द्या. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी सकाळी घ्यायला लावली. कीर्तनानंतरचा चहा मात्र बंद झाला, ते दुःख वेगळं.

पारावरचा पाण्याचा सल्ला अर्धाच खरा. झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडावा. पण वैशाखात आपल्याकडे दिवसाही पाणी तोडलं तर मुतखड्याला आमंत्रण.

बायका याबद्दल बोलत नाहीत. आमच्या घरात मी उठलो की "झोपमोड केली" म्हणून जी व्यक्ती पाठोपाठ उठायची, तिची साखर तपासली तर वाढलेली निघाली.

तेव्हा मंडळी, रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल तर वयावर ढकलू नका. लघवीत रक्त दिसलं किंवा ती अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि संडास अंगणाच्या टोकाला असेल तर वाटेवर आजच एक बल्ब लावा. म्हाताऱ्यांचे खुबे अशा फेऱ्यांतही मोडतात.