खरेदीला बरोबर न्यायचा माणूस

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मुलाला स्केट्स घ्यायचे ठरले की दुकानात पाऊल टाकण्याआधी एका गृहस्थाला फोन जातो. हा कधी मामा असतो, कधी भाऊजी, कधी नुसताच गल्लीतला काका. पायाला भिंगरी असली तरी चाक त्याने कधी लावलेले नसते. तरीही वस्तू हातात घेऊन तिचा मगदूर आणि भाव सांगणे हा त्याचा वंशपरंपरागत हक्क मानला जातो. कामाची त्याला वाण नाही. बेळगावात स्केटिंग जोरात आहे, शिवगंगा रोलर स्केटिंग क्लबसारखे क्लब आहेत, आणि वाढदिवसाला सायकलऐवजी स्केट्स मागणारी पोरे घरोघर आहेत.

या पारख्याची मूळ पेठ निपाणी. विडीच्या तंबाखूचे पान चुरगाळायचे, हुंगायचे, त्यावरचे तांबूस ठिपके उजेडात धरून बघायचे आणि मगच किमतीवर यायचे, ही तिथली जुनी रीत. भाव हा तिथे थट्टेचा विषय नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला, तो भावासाठीच. त्यामुळे पारखी स्केटचा बूटही आधी हुंगतो. रेक्झिन आणि सोल्यूशनचा वास नाकात शिरला की तो मान हलवतो. ही मान होकाराची की नकाराची, हे दुकानदाराला शेवटपर्यंत कळत नाही.

भावाच्या बाबतीत त्याचे एकच शस्त्र असते: दुसरे गाव. बेळगावच्या खडेबाजारात उभा राहून तो कोल्हापूरचा भाव सांगतो आणि कोल्हापुरात महाद्वार रोडवर बेळगावचा. दोन्ही भाव त्याने जागच्या जागी तयार केलेले असतात. दुकानदार कानडी निघाला तर ‘भाळ आत्री, कम्मी माड्री’ने सुरुवात होते, मालाला नावे ठेवायची ती मराठीतून. निपाणीला कोल्हापूर जवळ, म्हणून तिकिटाचा खर्च धरला की पारडे पूर्वी कोल्हापूरकडे झुकायचे. जून २०२३मध्ये शक्ती योजना आली, कर्नाटकातल्या बायकांना राज्यात सरकारी बसचे तिकीट माफ झाले, आणि पारख्याने हिशेब नव्याने मांडला: वहिनी आणि मुलगी बरोबर असतील तर बेळगाव, नुसते बाप-लेक असतील तर कोल्हापूर. कोणते स्केट्स कुठे चांगले मिळतात, याला या हिशेबात जागा नसते.

मालाची परीक्षा चाकापासून सुरू होते. पारखी चाकाला बोटाने टिचकी मारतो आणि ते किती वेळ फिरते ते बघत राहतो. ही परीक्षा दिसायला झकास आणि निकालाला कुचकामी. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेले असते, म्हणून ते मोकळे फिरवले तर लवकर थांबते. कोरडे पडलेले जुने बेअरिंग खुळखुळत का होईना, पण जास्त वेळ फिरते. बेअरिंगवर ‘अ‍ॅबेक ७’, ‘अ‍ॅबेक ९’ असे आकडे असतात, त्यांचाही त्याच्यावर फार परिणाम होतो. १, ३, ५, ७, ९ अशी ती चढण बेअरिंगची मापे किती काटेकोर आहेत एवढेच सांगते. पोलाद कसले, वंगण कोणते, याबद्दल चकार शब्द नाही. स्वस्त स्केट्सवर नऊचा आकडा छापायला फक्त शाई लागते. तसेही बहुतेक स्केट्सना ६०८ क्रमांकाचे एकाच मापाचे बेअरिंग बसते, बिघडले तर बदलता येते. बूट तसा बदलता येत नाही.

आणि नेमका बुटातच पारखी घोळ घालतो. गणवेश, चप्पल, मुंजीचा सदरा या सगळ्यांप्रमाणे स्केट्सही वाढत्या अंगाचे घ्यावेत, असा त्याचा आग्रह असतो. ‘दोन वर्षं बघायला नको की!’ सैल बुटात टाच उचलते, घोटे आत वळतात आणि पोर रिंकवर सरळ उभेही राहत नाही. मापाची खूण साधी आहे: ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की टाच मागे घट्ट बसून अंगठा किंचित सुटावा. लहान मुलांसाठी लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट्स मिळतात. ते पाहून पारखी खूश होतो आणि सर्वांत मोठ्या मापावर लावून मागतो. हेल्मेटबद्दल त्याचा एकच प्रश्न असतो, ‘फुकट देताय नव्हं?’

तो खरा खुलतो जुन्या मालात. मोठ्या मुलांनी वर्षभर वापरून काढलेले स्केट्स रिंकच्या कठड्याशी विकायला आले की पारख्याच्या निपाणीतल्या बोटांना काम मिळते. तो फ्रेम डोळ्यासमोर आडवी धरून चारही चाके एका रेषेत आहेत का ते बघतो. चाकांची आतली कड किती झिजली, स्क्रूची खाच गुळगुळीत झाली आहे का, टाचेच्या बाजूचे अस्तर फाटून आतला फोम दिसतो का, हे सगळे त्याला विक्रेत्याचे बोलणे संपायच्या आत कळलेले असते. झिजलेली चाके उलटसुलट करून चालवता येतात, ढिली पडलेली टाच मात्र दुरुस्त होत नाही, हेही तो बरोबर सांगतो. इथे त्याचा शब्द मानावा.

हॉकीत तर त्याच्या अंगात पूर्वजच संचारतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते, आणि गोलरक्षक शंकर लक्ष्मण होते मराठा लाइट इन्फंट्रीचे, जिचे केंद्र बेळगावात आहे. एवढ्या भांडवलावर पारखी दुकानातली प्रत्येक स्टिक फरशीवर आपटून तिचा आवाज ऐकतो. आवाज बद्द आला तर आत चीर असू शकते, हे खरे. पण जड ती मजबूत, हा त्याचा पुढचा सिद्धांत चुकीचा. नियमानेच मैदानी हॉकीची स्टिक ७३७ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही.

अलीकडे त्याच्या कार्यक्षेत्रात बर्फही आला आहे. टोरांटोतला भाचा मुलाला आइस हॉकीत घालतो आणि दुकानातून व्हिडिओ कॉल लावतो. त्या स्टिकवर छापलेला आकडा म्हणजे ती एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो त्याचे माप; मुलाच्या वजनाचे पौंड निम्मे करून जो आकडा येईल, साधारण तेवढ्याची स्टिक बरी. ऐंशी पौंडांच्या पोराला मामा पंचाहत्तरची घ्यायला सांगतात, कारण किंमत तेवढीच आणि आकडा जवळपास दुप्पट. आइस स्केटचे माप नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान घेतात, हे ऐकून त्यांना दुकानदार लबाड असल्याची खात्री पटते. मग भाचा सांगतो की कॅनडात वापरलेल्या हॉकी सामानाची वेगळी दुकाने असतात, पोराचे पाय वाढले की जुने स्केट्स देऊन दुसरे नेता येतात. मामा सावरून बसतात, चष्मा लावतात आणि कॅमेरा टाचेकडे वळवायला सांगतात.