डेस्कटॉपवाले भाऊसाहेब

डेस्कटॉपवाले भाऊसाहेब तहसील कचेरीत, पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाच्या खुर्चीवर आढळतात. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एमएस-सीआयटी पास झाल्याची नोंद सेवापुस्तकात केलेली. कामाला वाघ. संगणकावर तयार झालेली, ईमेलने आलेली, स्कॅन केलेली किंवा चुकून तयार झालेली प्रत्येक फाइल डेस्कटॉपवरच ठेवणे, हे या जातीचे मुख्य लक्षण. 'माय डॉक्युमेंट्स' हे दुसऱ्या कोणाचे तरी असावे अशी त्यांची समजूत असते.

मध्यम आकाराचे आयकॉन ठेवले तर आजच्या साध्या मॉनिटरवर दोनशेच्या आसपास फायली मावतात. भाऊसाहेबांनी तेवढ्या बसवून दाखवलेल्या असतात. पार्श्वभूमीला नातवाचा फोटो असतो. त्याच्या झबल्यावर टंचाई आराखडे, डाव्या खांद्यावर आवक, उजव्या खांद्यावर जावक, पायाशी गेल्या दोन निवडणुका. चेहरा तेवढा मोकळा. तिथे कोणी फाइल सोडली तर भाऊसाहेब ती निमूटपणे उचलून कानामागे ठेवतात. बघणाऱ्याला हा पसारा वाटतो, पण भाऊसाहेबांना तो नकाशासारखा पाठ असतो. साहेबांनी केबिनमधून एखादे पत्र मागितले की त्यांचा हात माउसला आधी लागतो आणि पत्राचे नाव नंतर आठवते. कित्येकदा नाव आठवतच नाही. 'वरून तिसरे, एक्सेलच्या शेजारचे' एवढे पुरते. शोधायची चौकट पडद्यावर खाली कायम हजर असते. तिच्याकडे ते ढुंकून पाहत नाहीत.

याच भाऊसाहेबांचे लोखंडी कपाट उघडले तर माणूस चकित होतो. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत कागद ठेवायची सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. अभिलेखांची वर्गवारीही ठरलेली असते. 'अ' वर्गातले कायम जपायचे, 'ब' वर्गातले तीस वर्षे, 'ड' वर्गातले वर्षभर. १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेरीची जी मांडणी बसवली, ती पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली. भाऊसाहेब त्या वळणात तयार झालेले. त्यांच्या कपाटात १९९८चा कागद दोन मिनिटांत सापडतो. प्रत्येक गठ्ठ्याला लाल कापड, कापडाला गाठ, गाठीखाली चिठ्ठी. संगणकावर मात्र सहाच्या सहा गठ्ठे एकाच टेबलावर सोडलेले, आणि तेही गाठी न मारता.

याचे कारण आळस नाही. कपाटातल्या गठ्ठ्याची चिठ्ठी बाहेर लोंबत असते. दार उघडले की सगळे समोर. संगणकातले फोल्डर बंद केले की आत काय आहे ते दिसत नाही, आणि त्याच्या आत आणखी फोल्डर असू शकते, त्याच्याही आत आणखी एक. कागदाची कोणतीच फाइल पोटात इतक्या फायली बाळगत नाही. जे दिसत नाही ते गहाळ झाले, असे नोकरीने त्यांना शिकवले आहे आणि गहाळ झाले की चौकशी लागते, हेही. एका परीने दोष संगणकवाल्यांचाच. आपल्याकडे फोटोकॉपीपुरती माहीत असलेल्या झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर ऑफिसातले टेबल मांडले होते. कागद, फोल्डर, आवक-जावकाचे ट्रे, सगळे चित्ररूपात. हेतू असा, की कचेरीतल्या माणसाला यंत्र परके वाटू नये. भाऊसाहेबांना ते अजिबात परके वाटले नाही. टेबल म्हटले, त्यांनी टेबल म्हणून वापरले.

फायलींना नावे देण्याची त्यांची रीत दोन प्रकारची आहे. घाईत असले तर 'पत्र', 'पत्र १', 'पत्र नवीन', 'पत्र नवीन फायनल', 'फायनल साहेब दुरुस्ती' आणि शेवटी 'खरे फायनल'. प्रत्यक्षात रवाना झालेले असते ते 'पत्र १'. निवांत असले तर सबंध विषय नावात उतरवतात. विंडोज ९५ येईपर्यंत फाइलच्या नावाला आठच अक्षरे मिळत. १९९५पासून ही मर्यादा २५५ वर गेली आणि भाऊसाहेबांनी ती सवलत मनापासून स्वीकारली. अडचण एकच. डेस्कटॉपवर आयकॉनखाली नावाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. त्यामुळे चाळीस आयकॉनांखाली 'मा. जिल्हाधिकारी यांचेकडील' एवढेच वाचता येते.

नावात तारीख घालायची तर आणखी पंचाईत. १/४/२०२४ असे लिहायला गेले की यंत्र अडवते, कारण तिरकी रेघ विंडोजच्या फाइलनावात चालत नाही. मग तारीख '०१ ०४ २४' अशी सुटी लिहितात, आणि यादी नावाने लावली की दर महिन्याच्या एक तारखेची पत्रे एका जागी गोळा होतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला तर क्रम आपोआप लागतो, पण उलटी तारीख लिहिणे त्यांना शोभत नाही. आकस्मिक खर्चाच्या, म्हणजे कंटिन्जन्सीच्या बिलांसाठी इंग्रजीत सी-ओ-एन एवढ्याच नावाचे फोल्डर करायला गेले तर तेही होत नाही. हे नाव जुन्या डॉस काळापासून कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखून ठेवलेले आहे. 'या नावाचे फोल्डर जगात कोणालाच करता येत नाही, असा शोध एका भारतीयाने लावला' असा ईमेल एके काळी ऑफिसाऑफिसांतून फिरत असे. भाऊसाहेबांनी तो जपून ठेवलेला आहे. डेस्कटॉपवर.

रिसायकल बिन हा त्यांचा सहावा गठ्ठा. 'ड' वर्गाप्रमाणे वर्षभर ठेवायचे आणि मग नष्ट करायचे, या हिशेबाने अर्धवट कामाचे कागदही ते तिथे टाकून ठेवतात, लागले की परत काढतात. त्या टोपलीला जागेची मर्यादा असते आणि ती भरली की सर्वांत जुना माल यंत्र न विचारता फेकून देते, ही गोष्ट त्यांना टोपली भरल्यावरच कळते.

भाऊसाहेबांचा खरा शत्रू म्हणजे कंत्राटावर आलेला तरुण डेटा एंट्री ऑपरेटर. ते रजेवर गेले असताना हा मुलगा राइट क्लिक करून फायली नावाप्रमाणे लावतो. आठ दिवसांनी भाऊसाहेब येतात आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे उभे राहतात. "कोणी हात लावला?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी प्रोजेक्टर जोडला आणि पडद्याचे माप बदलले तरी हाच प्रकार होतो. तेव्हा मात्र जाब विचारायला समोर कोणी नसते.

पुढे तडजोड होते. ऑपरेटर मूळ फायली डी ड्राइव्हवर नीट फोल्डरांत लावतो आणि भाऊसाहेबांच्या समाधानासाठी डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो. आयकॉन तेच, जागा तीच, कोपऱ्यात एक बारीक बाण तेवढा वाढलेला. जिल्ह्याच्या बैठकीला जाताना भाऊसाहेब डेस्कटॉपवरची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतात. तिथला ऑपरेटर दोनदा क्लिक करतो.

"भाऊसाहेब, यात फाइल नाही. शॉर्टकट आहे."

"शॉर्टकट कशाला मारू? सरळ कॉपी केलंय."

पेनड्राइव्हमध्ये आलेली असते ती फाइल कुठे आहे याची पत्त्याची चिठ्ठी, एखाद-दोन केबीची. मूळ कागद तालुक्याच्या गावी. मधल्या काळात पेनड्राइव्हवरचे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरसही कचेऱ्यांतून बराच फिरला, त्यामुळे तेव्हापासून बाण दिसला की भाऊसाहेब त्याला व्हायरसच समजतात आणि डिलीट करतात. एवढ्यावरून त्यांना हसू नये. कोपऱ्यातला तो बाण भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

सर्वांत मोठा प्रसंग यंत्र बंद पडल्यावर येतो. दुरुस्तीला आलेला मुलगा पिशवी खाली ठेवत विचारतो, "साहेब, विंडोज नवीन टाकावं लागेल. सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं नाही ना?" भाऊसाहेब ठामपणे सांगतात, "सीमध्ये काही नाही. आपलं सगळं डेस्कटॉपवर असतं." मुलगा नवा असेल तर त्याचा विश्वास बसतो.

डेस्कटॉप हे दिसायला टेबल असले तरी विंडोजच्या लेखी ते साधे फोल्डर आहे. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात भाऊसाहेबांच्या नावाचे खाते आणि त्यात डेस्कटॉप. सी फॉरमॅट केला की तेही जाते. डी ड्राइव्हवर तडजोडीच्या वेळी ऑपरेटरने लावलेल्या फायली आणि त्याच्याही आधीच्या ऑपरेटरची 'गाणी' सुखरूप असतात. खांद्यापासून पायापर्यंतची कचेरी नाहीशी होते आणि त्यात मूळ फोटो डेस्कटॉपवरच ठेवला असल्याने नातूही जातो.

उपाय त्यांचे वळण न मोडता करता येतो. एक्सप्लोररमध्ये डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन या पानावर डी ड्राइव्हचा पत्ता दिला की फायली डीवर जातात आणि पडद्यावर जिथल्या तिथे दिसतात. दर शुक्रवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत घेतली की डीचीही चिंता उरत नाही. भाऊसाहेबांना सक्तीने फोल्डर करायला लावण्यात अर्थ नाही. केले तरी त्यांचे नाव 'न्यू फोल्डर (९)' असते आणि आधीच्या आठांत काय आहे ते कोणी पाहिलेले नसते.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना कपाटातल्या गठ्ठ्यांची यादी होते, सह्या होतात, शिक्के मोजले जातात. संगणक यादीत 'एक नग' म्हणून येतो. नव्या टेबलाचे भाऊसाहेब पहिल्याच दिवशी 'जुने भाऊसाहेब' नावाचे फोल्डर करतात, पडद्यावरचे सगळे त्यात ओढतात आणि ते फोल्डर डेस्कटॉपवर ठेवतात. त्यांच्यानंतरचे त्या सगळ्यासकट 'जुने सर्व' करतात. असे थरावर थर चढत गेले की एक दिवस कॉपी करताना पत्ता फार लांब झाल्याची सूचना येते, कारण ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सबंध मार्ग विंडोजमध्ये २६० अक्षरांत बसावा लागतो. २०१६पासून विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवायची सोय आहे. ती सेटिंग मुद्दाम बदलावी लागते, आणि भाऊसाहेबांच्या कचेरीत ती कोणी बदललेली नाही.