काट्याचे भाऊ

जुनी जीप बाळगणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात कुठेही भेटतो. काट्याचे भाऊ मात्र तालुक्याला एकच असतात. त्यांची विलीज १९४४ ची, लढाईतून आलेली, आजोबांनी लिलावात घेतलेली. लढाई कोणती, हे ते ऐकणाऱ्याच्या वयाप्रमाणे सांगतात. गो-डेव्हिल इंजिन, ६० अश्वशक्ती, सगळं तोंडपाठ. गाडी चालवताना नजर रस्त्यावर कमी आणि पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर जास्त.

“भाऊ, समोर बैल आहे!”

“बैल जाते न बापा बाजूले. इकडे १८० झालं, पाह्य!”

काट्यावरची त्यांची श्रद्धा मोठी सोयीची. काटा खाली असला की तो खरा आणि गाडी उत्तम. वर चढला की काटा खोटा, गाडी तरीही उत्तम. मे महिन्यात खामगावहून बोथ्याचा घाट चढताना बॉनेटमधून वाफ उसळते, पाहुणे मागून उड्या टाकतात आणि भाऊ काचेवर टिचकी मारतात, “खोटं बोलू राह्यला लेकाचा.” वरातीत तर हे ठरलेलंच. डीजेमागे पायी चालीनं जाताना पंख्याला वेग नसतो, रेडिएटरला वारा नसतो. नवरदेव खाली उतरून घोडा मागतो. भाऊंची टिचकी चालूच.

शेवटी त्यांनी काट्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. या काट्याला वीज लागत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये बल्ब, तिथून डायलपर्यंत बारीक नळी आणि आत ईथर. पाणी तापलं की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो, काटा सरकतो. सगळं एकसंध असतं. नळी फुटली की कारभार आटोपला. भाऊंनी अख्खा संच सोडवला आणि बल्ब वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात सोडला. वहिनी काय म्हणाल्या ते छापण्याजोगं नाही.

“पानी उकयते २१२ ले. पुस्तकात हाय थे.”

पाणी उकळलं. काटा २०८ वर थांबला. भाऊ हबकले. काटा चार अंश कमी दाखवतो, म्हणजे इंजिन प्रत्यक्षात चार अंश जास्त गरम! शेजारच्या विज्ञानाच्या सरांकडून थर्मामीटर आणला, तर तोही साधारण २०८ वरच. भाऊंनी थर्मामीटरलाही टिचकी मारली.

सरांनी समजावलं, की बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक सेल्सिअस अंश, म्हणजे फॅरनहाइटच्या हिशेबानं जवळजवळ दोन अंश आधीच उकळतं. काट्यात खोट नाही.

“पन सर, पान्याले कसं समजते आपन किती उंचावर हाओत?”

सर यावर निरुत्तर झाले. पटत नसेल तर खाली खामगावात उकळून पाहा, एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. भाऊ दुसऱ्याच दिवशी संच, थर्मामीटर आणि पातेलं घेऊन निघाले, तेही एसटीनं. दारात जीप उभी असताना? “काट्याबिगर गाडी काढू काय? इंजिन गरम झालं तर समजन कसं?” घाटभर ते ड्रायव्हरच्या खांद्यावरून त्याच्या डॅशबोर्डात डोकावत होते, असं कंडक्टर सांगतो.

खामगावला साडूच्या गॅसवर पाणी २१० ला उकळलं. काटा २१०, थर्मामीटर २१०. साडूला मिठी मारून भाऊ परतीच्या बसमध्ये चढले. गर्दी शेगावच्या वारीची वाटावी अशी. कुणाच्या तरी पेटीखाली नळी चेपली आणि दवाखान्यासारखा वास सुटला.

संच परत जीपमध्ये बसला. काटा आता कायम तळाशी असतो. परवा बोथ्याच्या घाटात वाफेच्या ढगातून मला भाऊंचा फक्त आवाज ऐकू आला, “तपासून आनलेला काटा हाय, बापा. इंजिन थंडगार हाय.”