डिजिटल आढी

हापूस विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचे सोशल मीडिया नियोजन फेब्रुवारीत लोगोपासून सुरू होते. लोगोत आंबा असतो, आंब्याला पान असते आणि पानाचा हिरवा ठरवण्यात पंधरवडा जातो. सूत्रे भाच्याकडे असतात. त्याला इन्स्टाग्राम येते. फवारणी येत नाही, पण ती कुठे पोस्ट करायची असते?

मग 'कंटेंट कॅलेंडर'. गुढीपाडवा, रामनवमी, महाराष्ट्र दिन यांच्या शुभेच्छा मालकाच्या हात जोडलेल्या फोटोसह आधीच तयार ठेवल्या जातात. पहिली पेटी कधी निघेल हे त्यात नसते, कारण ते थंडी, मोहोर आणि अवकाळी पाऊस ठरवतात, आणि ही मंडळी मीटिंगला येत नाहीत.

2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत भारतात रील्स आले, आणि बागांवर ड्रोन घिरट्या घालू लागले. रीलमध्ये आंबा स्लो मोशनमध्ये कापला जातो, मागे सनई वाजते आणि पडद्यावर 'कार्बाइडमुक्त' झळकते. कार्बाइडने फळे पिकवायला मुळात कायद्याचीच बंदी आहे. म्हणजे ही जाहिरात 'आमच्याकडे चोरीचा माल मिळत नाही' या पाटीच्या जातकुळीतली. भौगोलिक मानांकनाची कथा वेगळी नाही. कोकणच्या हापूसला ते 2018 मध्ये मिळाले. त्या नावाने विकायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. पोस्टवर चिन्ह चिकटवायला मात्र नुसते डाउनलोड पुरते.

किंमत हा नियोजनाचा सर्वांत गोपनीय भाग. 'डझनाचा भाव काय?' असे उघड विचारणाऱ्या बाईंना 'डीएम केलाय, ताई' असे उत्तर मिळते. तोवर ताई कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून दोन डझन घेऊन घरी पोहोचलेल्या असतात.

पोस्ट पैसे भरून 'बूस्ट' करताना परिसर म्हणून 'महाराष्ट्र' निवडला, की ती रत्नागिरीतही दिसते. तिथे ज्याच्या-त्याच्या मामाची बाग. लाइक भरघोस येतात, सोबत 'भाव जरा जास्तच लावलाय' हेही.

विक्री होते ती व्हॉट्सॲपवर. ब्रॉडकास्ट लिस्टमधला संदेश ज्याने विक्रेत्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये 'देवगड आंबेवाले काका' या नावाने असणे, हेच या धंद्याचे भांडवल. आराखड्यात त्याला 'इतर' या सदरात एक ओळ मिळते.

साक्याला तीही मिळत नाही. साका असलेला आंबा वरून निर्दोष दिसतो. कापल्यावर आत पांढरट, बेचव गर निघतो. त्याचा फोटो जेवणाच्या ताटावरूनच सोसायटीच्या ग्रुपवर पडतो आणि मागोमाग 'आमच्याही पेटीत दोन निघाले' सुरू होते. भाचा तिथे 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार' टाकतो. काका फोन करतात, 'वहिनी, पुढच्या पेटीत चार जास्त टाकतो' म्हणतात, आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवरून सहा पेट्यांची मागणी येते. हे ज्यात मोजावे असा रकाना भाच्याच्या तक्त्यात नाही.

जूनमध्ये आंबा संपतो आणि अहवाल येतो. 'रीच' वाढलेला असतो, फॉलोअर वाढलेले असतात. वाढ टिकवायची म्हणून पुढचे आठ महिने पेजवर पावसाच्या चारोळ्या आणि पेट्रोलच्या दरावरचे विनोद चालतात. अहवालातील एकमेव शिफारस: पानाचा हिरवा थोडा गडद करावा.